गजावर वाळणारी टोपी

"माझ्या डोक्याला कधी रुमाल बांधलेला दिसला ना, तर दारातून परत फिरू नकोस. सरळ आत ये."

नयनाकाकू आगाशे हे म्हणाल्या तेव्हा प्रणिता दहीभाताचा चमचा घेऊन अनुष्काच्या मागे धावत होती. "बरं काकू," म्हणून ती हसली आणि विसरूनही गेली. काकूंचं बोलणं नेहमीच केसांभोवती फिरायचं. त्या टोपांचा इतिहास लिहीत होत्या आणि जुन्या टोपांचं प्रदर्शनही भरवणार होत्या. लखनौच्या वृंदावन योजनेतल्या त्यांच्या दुमजली घरात शिरलं की चहाआधी इजिप्त यायचं: तिथली श्रीमंत माणसं डोकी भादरायची आणि वर विग चढवायची. मग फ्रान्सचा तो राजा, ज्याचे केस ऐन तारुण्यात गळाले. त्याने टोप घातला, म्हणून दरबाराने घातला, म्हणून निम्म्या युरोपने घातला.

"फॅशन फॅशन म्हणतात, पण तिच्या आत कुणीतरी एक लाजलेला माणूस बसलेला असतो बघ," काकू म्हणायच्या आणि आपल्या काळ्याभोर अंबाड्यावरून हात फिरवायच्या. कानाजवळ एकच पांढरी बट. साठी उलटलेल्या बाईचे असे केस बघून सगळ्या मराठी मंडळाला हेवा वाटायचा.

मागच्या आठवड्यात प्रणिता डबा परत करायला गेली. दार जेमतेम तीन बोटं उघडलं. फटीत काकू होत्या. डोक्याला रुमाल, घट्ट, कानांवरून ओढलेला.

"बरं नाही गं. नंतर ये."

मागे त्यांचा भाचा प्रथमेश उभा होता. काकूंचे यजमान गेल्यापासून तो त्यांच्याकडेच राहायचा. प्रणिताच्या खांद्यावर अनुष्का तापाने फणफणली होती. प्रणिता डबा देऊन परत फिरली.

आणि आज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर काकूंच्या नंबरावरून फोटो आला.

काकू खुर्चीत बसलेल्या. नजर खाली. मागे पांढरी भिंत. डोक्यावर एक केस नाही, टाळू अंड्यासारखी गुळगुळीत, वर चंदनाचे फराटे. खाली ओळ होती: "तिरुपतीला केस अर्पण केले. महिनाभर फोन बंद. जय बालाजी."

त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. अख्ख्या मंडळाने हात जोडले. प्रणिताच्या अंगठ्यानेही सवयीने ते चित्र शोधलं, दाबलं, आणि पाठवलं.

मग ती त्या फोटोकडे बघत राहिली.

अनुष्काचं जावळ काढायचं ठरलं होतं तेव्हा प्रणिताने काकूंना बोलावलं होतं. काकूंनी सगळ्यांसमोर, तोंडावर नाही म्हटलं होतं. "बाईच्या डोक्याला वस्तरा लागतो तिथे मी येत नाही. चार महिन्यांची असो की चाळीस वर्षांची." प्रणिताला राग आला होता. शुभकार्याला असं कोण बोलतं? मग काकूंनीच तिला शांतपणे सांगितलं. त्यांची आजी सतराव्या वर्षी विधवा झाली. न्हावी दारात बसला होता. आजीने खांब धरून ठेवला होता आणि दिरांनी तिची बोटं एकेक करून सोडवली होती. तेव्हापासून काकूंच्या आईने घरात शपथच घातली: या घरातल्या बाईच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही.

ती बाई आपण होऊन न्हाव्यासमोर बसली? आणि वर फोटो काढून मंडळाला पाठवला?

अनुष्काला कडेवर घेऊन प्रणिता निघाली. काकूंचं घर मागच्याच गल्लीत होतं. प्रणिताच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या वरच्या खोलीची मागची खिडकी दिसायची. निघताना सवयीने तिची नजर तिकडे गेली. खिडकी बंद. कूलर घरघरत होता. खिडकीच्या गजावर काळपट रंगाचं, जाळीदार, वाटीएवढं काहीतरी वाळत होतं. कालही होतं. चहा गाळायचं फडकं असावं, तिला वाटलं.

दार प्रथमेशने उघडलं. इस्त्रीचा कुर्ता, कानात फोनचा इअरबड. तो लखनौतच वाढलेला. मराठी कळायचं, उत्तर हिंदीत यायचं.

"काकू कधी गेल्या?"

"अरे भाभी, चार दिन हो गए. मैंने खुद चारबाग स्टेशन छोड़ा बुआ को."

"एकट्याच?"

"कोई ग्रुप था तीर्थयात्रा वालों का. मन्नत थी उनकी."

"कसली मन्नत? मला कधी बोलल्या नाहीत."

"बुढ़ापे में भक्ति चढ़ जाती है, भाभी. आप क्यों परेशान हो रही हैं?"

"केस द्यायचं त्यांनीच ठरवलं?"

"और क्या! मैं तो बोला, बुआ, इतने अच्छे बाल हैं. नहीं मानीं."

"वर कूलर चालू आहे."

त्याने क्षणभर वर पाहिलं. मग हसला. "वो विग हैं न, एग्ज़िबिशन वाले. गर्मी में खराब हो जाते हैं. बुआ बोल के गई हैं, कूलर बंद मत करना. कमरे में ताला है, चाबी उनकी असिस्टेंट सानिका के पास होगी."

"कामवाली दिसत नाही."

"छुट्टी दे दी. मैं अकेला आदमी, बाहर से मँगा लेता हूँ."

सगळ्याला उत्तर होतं. आणि प्रत्येक उत्तर प्रणिताच्या डोक्यात सणकत होतं.

पोलीस चौकीत सब-इन्स्पेक्टर चेतना मिश्र पंख्याखाली बसून ताक पीत होत्या. त्यांनी फोटो पाहिला.

"मुंडन कराना जुर्म नहीं है, मैडम."

"यह औरत मुंडन करवा ही नहीं सकती."

"क्यों?"

प्रणिताने आजीची गोष्ट सांगितली. खांब, बोटं, न्हावी.

"देखिए," चेतना मिश्रांनी ग्लास खाली ठेवला, "दादी के साथ बुरा हुआ. पर लोग बदलते हैं. भतीजा कह रहा है तीर्थ पर हैं, मैसेज उनके फोन से है. मैं किस बात पर दरवाज़ा खुलवाऊँ? कुछ ठोस लाइए."

"तब तक उन्हें कुछ हो गया तो?"

"तो आप मेरे ऊपर चिल्लाइएगा. अभी भी चिल्ला ही रही हैं."

अनुष्का रडायला लागली. प्रणिता तिला घेऊन बाहेर आली. राग नेमका कुणावर, हेही कळत नव्हतं. त्या इन्स्पेक्टरबाईवर, प्रथमेशवर, की दारातून परत फिरलेल्या स्वतःच्या पायांवर.

काकूंच्या शेजारचं घर गोपीनाथ साठ्यांचं. केंद्र सरकारातून निवृत्त झालेले, मंडळाचे चिटणीस. मंडळाच्या कचेरीसाठी काकूंचा तळमजला त्यांना हवा होता आणि घर टोपांच्या संग्रहासाठी द्यायचं म्हणून काकूंनी तो दिला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, तुम्ही काकूंना जाताना पाहिलंत?"

"नाही बुवा. मी सकाळी फिरायला जातो."

"फोटो पाहून काही वाटलं नाही तुम्हाला?"

गोपीनाथकाकांनी चष्मा काढला. "वाटलं की. चमकलोच मी. तुझ्या लेकीच्या जावळाच्या वेळी ती काय बोलली ते मी ऐकलंय ना, समोरच होतो. माझीही आजी भादरलेल्या डोक्याने, लाल आलवणातच गेली, प्रणिता. मला कळतं ते."

"कळतं? मग ग्रुपवर सगळ्यात आधी हात कुणी जोडले?"

"धर्माचा विषय. आपण कसं विचारायचं? आणि सगळ्यांनीच जोडले. तूही जोडलेस."

प्रणिताने अनुष्काला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी तुला एक सांगू?" काका आवाज उतरवून म्हणाले. "त्या सानिकाला विचार. तिची मदतनीस. पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे. नयना नसली तर फीत कोण कापणार? दोघींचं वाजलंही होतं म्हणे."

"कोण म्हणालं?"

"प्रथमेशच सांगत होता."

जुन्या लखनौतल्या चौक बाजारात ई-रिक्षा आत जाईना. प्रणिता अनुष्काला घेऊन गल्लीतून चालत गेली. चिकनकारीच्या कुर्त्यांच्या रांगा, कुल्फीवाला, कडेला बांधलेली बकरी. अनुष्काला बकरी हवी होती. "नंतर," प्रणिता म्हणाली, आणि तो शब्द तिला बोचला.

सानिकाने फोनवर सांगितलेलं मोहनभाईंचं दुकान चिंचोळं होतं. रामलीलेचे, नाटकांचे, लग्नातल्या नवऱ्यांचे टोप ते करायचे. सानिका खोके बांधत होती. समोर लाकडी ठोकळ्यांवर प्रदर्शनाचा सगळा माल मांडलेला: कंपनी सरकारच्या साहेबाचा पिठासारखी पावडर लावलेला पांढरा टोप, स्त्रीपार्टी नटाचा लांब वेणीचा टोप, जुनी गंगावनं, आणि साठच्या दशकातल्या फॅशनचा तो मधमाशीच्या पोळ्यासारखा उंच विग.

"काकूंशी तुझं भांडण झालं होतं?" प्रणिताने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

सानिकाचे डोळे भरले. "दीदी, आप भी? मी त्यांना रोज मेसेज करते. प्रथमेश भैया म्हणाले, मैडम तुमसे नाराज़ हैं, काम बंद. कशावरून, ते सांगत नाहीत."

"तिरुपतीचा फोटो पाहिलास?"

"पाहिला. रात्रभर रडले. पुस्तकातलं आजीचं प्रकरण मीच टाइप केलंय, दीदी. पाठ आहे मला. वाटलं, त्यांच्याकडून ते परत परत वाचून घेतलं मी, म्हणून मैडमच्या मनावर काही परिणाम झाला."

"वरच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे?"

"मेरे पास? मेरे पास तो कभी थी ही नहीं."

"तिथे प्रदर्शनाचे विग आहेत ना?"

"विग?" सानिकाने हात पसरून दुकान दाखवलं. "सगळे तर इथे आहेत. महिना झाला. वर तर फक्त मैडमचा पलंग आहे."

प्रणिताने त्या ठोकळ्यांवरून नजर फिरवली. मग त्या घरघरणाऱ्या कूलरची हवा कुणाला लागत होती?

सानिका खोकी घेऊन टेम्पोकडे गेली. मोहनभाई अनुष्काला एका ठोकळ्यावर नाक काढून दाखवत होते. "गुड़िया, देखो, साहब आ गए, सलाम करो!" अनुष्का खिदळली आणि शेजारच्या उघड्या डब्यात तिने हात घातला. हातात आली काळपट जाळीची, वाटीएवढी टोपी.

प्रणिताने ती घेतली. वळवून पाहिली. खिडकीच्या गजावर वाळत होतं ते हेच.

"मोहन भाई, ये क्या है?"

"ये? अस्तर कहिए. विग के नीचे पहनते हैं. पसीना सोख लेती है, बाल फिसलते नहीं. रोज़ धोनी पड़ती है."

"रोज?"

"रोज़ पहनने वाले रोज़ धोएँगे ही."

"काकू रोज विग घालतात?"

मोहनभाईंचा चेहरा बंद झाला. "ग्राहक की बात मैं नहीं करता, बेटी. पैंतीस साल में नहीं की."

"वे मुसीबत में हैं."

"किसने कहा? तीर्थ पर हैं. सानिका बिटिया बता रही थी."

पण त्यांची नजर नको तिथे गेली होती. मागच्या फळीवर, दोन बंद डब्यांकडे. प्रणिताने स्टूल ओढलं, चढली, पहिला डबा उघडला. मोहनभाई "अरे, अरे" म्हणत राहिले.

काळाभोर अंबाडा. डावीकडे भांग. कानाजवळ एक पांढरी बट.

दुसऱ्या डब्यात तसाच दुसरा.

"दोनच आहेत त्यांच्याकडे?"

मोहनभाई खाली बसले. "दो ही. एक धुलाई में आए तो दूसरा पहनती हैं. बीस साल से सर पर एक बाल नहीं है. बीमारी थी कोई. इस बार दोनों इकट्ठे आ गए. पार्सल वाला दे गया. ऊपर पर्ची थी, रंग बदलना है, मैडम खुद आकर बताएँगी. मैंने सोचा, उमर हो गई, कोई नया शौक होगा."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"लगा था," ते हळूच म्हणाले. "फिर ग्राहक बहुत आ गए उस दिन."

प्रणिताला ओरडायचं होतं. तिने डबे उचलले.

चेतना मिश्र जीपमधून उतरल्या तेव्हा दारात चार माणसं होती. प्रणिताने फोन करून त्यांना, गोपीनाथकाकांना आणि सानिकाला बोलावलं होतं. प्रथमेश उंबऱ्यावर हात आडवा धरून उभा होता. अनुष्का काकांच्या हाताला धरून.

"भाभी, ये तमाशा है," प्रथमेश म्हणाला. "मैडम, इनके पति टूर पर रहते हैं, ये घर में अकेली बैठी-बैठी कहानियाँ बनाती हैं."

"बनाने दीजिए," चेतना मिश्र म्हणाल्या. "मैं सुनने ही आई हूँ. बोलिए मैडम."

प्रणिताने दम घेतला. आवाज चढू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं. तो पहिल्याच वाक्याला चढला.

"तो मेसेज काकूंनी लिहिला नाही. ज्याने लिहिला त्याला वाटलं, म्हातारी विधवा बाई, तिरुपती, मुंडन, कोण शंका घेणार? आणि कुणीच घेतली नाही. पण त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. या घरातली बाई डोक्याला वस्तरा लावून घेत नाही. गोपीनाथकाकांना हे माहीत होतं, काकूंनी त्यांच्यासमोर माझ्या लेकीच्या जावळाला यायला नकार दिला होता. सानिकाला माहीत होतं, तिने ते प्रकरण टाइप केलंय. या दोघांना खोटं बोलायचं असतं तर त्यांनी काशी म्हटलं असतं, नागपूर म्हटलं असतं. मुंडन कधीच म्हटलं नसतं. प्रथमेश, तुझ्याच पणजीची गोष्ट ती. तुझ्या बुआने तुला शंभरदा सांगितली असेल. तू कधी ऐकलीस?"

"ये कोई सबूत है?" प्रथमेश चेतना मिश्रांकडे वळला.

"नाही. सबूत पुढे आहे. हा फोटो बघा. माझ्या मुलीचं जावळ काढलं तेव्हा कितीतरी दिवस टाळूवर हिरवट झाक होती. काळे केस वस्तऱ्याने काढले की मुळं दिसतात. इथे काहीच नाही. कारण वस्तरा फिरलाच नाही. तिथे केस नव्हतेच. काकू वीस वर्षं विग घालतात."

गोपीनाथकाकांनी तोंडावर हात ठेवला. सानिका म्हणाली, "मैडम? नाही. शक्यच नाही."

"तुला माहीत नव्हतं, मला नव्हतं. बाहेरच्या कुणालाच नव्हतं, मोहनभाई सोडून. घरात राहणाऱ्याला मात्र होतं. आणि हा सकाळी मला काय म्हणाला? 'बुआ, इतने अच्छे बाल हैं.' बाहेरचा कुणी हे म्हणाला असता तर खरं वाटलं असतं. तुला कशाला म्हणावं लागलं, प्रथमेश?"

त्याने कानातला इअरबड काढला.

प्रणिताने डबे जीपच्या बॉनेटवर ठेवले आणि झाकणं किंचित उचलून फक्त चेतना मिश्रांना दाखवले. "त्यांच्याकडे दोनच विग. दोन्ही चौकातल्या दुकानात पडून होते. रुमाल बांधून जी बाई स्वतःच्या दाराबाहेर पाऊल टाकत नाही, ती बोडक्या डोक्याने चारबागच्या गर्दीतून गाडीत बसली? हा म्हणतो, मी सोडलं. कुणाला सोडलं?"

"बुआ दुपट्टा लेकर..."

"तो वरचा कूलर कुणासाठी? विगसाठी म्हणालास. प्रदर्शनाचा एकूण एक विग महिनाभर मोहनभाईंकडे आहे, सानिका सांगेल. किल्ली सानिकाकडे म्हणालास. तिच्याकडे ती कधीच नव्हती. आणि हे." तिने पर्समधून जाळीची टोपी काढली. "ही विगखाली घालतात. घालणारा रोज धुतो. अशीच एक टोपी मागच्या खिडकीच्या गजावर रोज वाळते आहे. कालही होती, आजही. विग दुकानात आणि टोपी रोज ओली. मिश्रा मैडम, तीर्थाला गेलेल्या बाईची टोपी कोण धुतंय?"

गल्लीत कुणाचीतरी शिट्टी वाजत होती, कुकरची.

"विग घरात ठेवले असते तर काकूंनी शोधले असते. फेकले असते तर सौदा करायला काही उरलं नसतं. म्हणून दुकानात पाठवले. हे घर काकू त्यांच्या संग्रहासाठी देणार होत्या, टोपांचं कायमचं दालन करायला. ते याला नको होतं. त्याने कुलूप लावलं ते वरच्या दाराला. पण खरं कुलूप हे डबे होते. दार उघडं टाकलं असतं तरी त्या बाहेर आल्या नसत्या, आणि हे याला पक्कं माहीत होतं."

"घर मेरे दादा का पैसा लगा के बना है!" प्रथमेश एकदम ओरडला. "और वो उसमें बाल टाँगेंगी? म्यूज़ियम? लोग हँसते हैं हम पर! मैंने हाथ तक नहीं लगाया उनको. खाना दिया, कूलर दिया. बस इतना बोला कि साइन कर दो, बाल ले लो."

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं होतं.

"चाबी," चेतना मिश्र म्हणाल्या.

त्याने खिशातून काढून दिली.

त्या जिन्याकडे निघाल्या तशी प्रणिता एक डबा उचलून आडवी झाली. "थांबा. आधी मी. एकटी. वर कुणीही यायचं नाही."

चेतना मिश्रांनी तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

खोलीत अंधार होता. काकू पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. डोक्यावर ती जाळीची टोपी, अजून ओलसर. कूलरच्या घरघरीत खालचा आरडाओरडा त्यांना अर्धवटच ऐकू गेला असावा. त्या वळल्या नाहीत.

"काकू, मी आहे. प्रणिता. डबा आणलाय."

"दार लाव आधी."

तिने दार लावलं. डबा पलंगावर ठेवला आणि पाठ करून उभी राहिली. मागे झाकण उघडल्याचा आवाज आला.

"तो म्हणायचा, ओरडलीस तर फोटो सगळ्यांना पाठवेन," काकू म्हणाल्या. "म्हणून गप्प बसले गं. पाठवला नाही ना त्याने?"

प्रणिताला वळता येईना. खिशातला फोन जड झाला. त्यावर अजूनही हात जोडले जात होते.

काकूंना तिच्या पाठीकडे बघूनच कळलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. एवढंच. लखनौत चाळीस वर्षं काढलेल्या बाईचं अच्छा. मग: "टोपी रोज वाळत घालत होते. तुझ्या स्वयंपाकघरातून दिसते म्हणून. दिसली नाही तुला?"

"दिसली. मला वाटलं, चहाचं फडकं."

"चहाचं फडकं!" काकूंच्या आवाजात आता राग होता, आणि तो ऐकून प्रणिताला रडू फुटलं. "वर्षभर तुला टोप शिकवते आहे मी! फुकट गेली सगळी शिकवणी. आता आरसा धर. आणि या मोहनला सांग, पांढरी बट फार पुढे आणून ठेवलीय. मी काय नाटकात काम करते?"

प्रणिताने आरसा धरला. काकूंनी टोप नीट बसवला, भांग सरळ केला, अंबाड्यात पिना खोचल्या. त्यांना घाई नव्हती. खाली पोलीस खोळंबले होते. खोळंबू देत.

मग त्या उठल्या आणि पदर सारखा करून जिना उतरल्या. प्रथमेशकडे त्यांनी पाहिलं नाही. गोपीनाथकाकांसमोर मात्र थांबल्या.

"हात कुणी जोडले सगळ्यात आधी? तुम्हीच ना? तुमची सवय माहीत आहे मला."

काका मान खाली घालून अनुष्काच्या बुटाची लेस बांधत बसले. त्या बुटाला लेस नव्हती.

त्याच संध्याकाळी प्रणिताने ग्रुपवरचे स्वतःचे ते जोडलेले हात काढून टाकले. बाकीचे तसेच राहिले. ज्यांनी ते जोडले होते त्यांतली बहुतेक माणसं काकूंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात.

तुमच्या गल्लीतही असेल अशी एखादी. अलीकडे तिची बातमी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून येते: झोपली आहे, बरं नाही, गावाला गेली, देवाला गेली. तिच्या नावाने आलेल्या फोटोखाली तुम्हीही हात जोडले असतील. हे वाचून झालं की आधी उठा आणि तिच्या दाराची बेल वाजवा. दार तीनच बोटं उघडलं, तर डबा देऊन परत फिरू नका. कडेवर तापलेलं मूल असलं तरी तिथेच उभे राहा, आणि तिला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या.